कामिउराचं वळण

कलकत्ता
४ एप्रिल १९७२

प्रिय कालिंदी,

तुला जाऊन आज एक महिना आणि दोन दिवस झाले. नागपुराहून आलेल्या तुझ्या कार्डावर ‘पोचले’ एवढा एकच शब्द होता. बाकीचं कार्ड कोरं. पोस्टमनसुद्धा उलटसुलट करून बघत होता.

पाडव्याला महाराष्ट्र निवासात गेलो होतो. प्रेमलताबाईंनी चारचौघांत विचारलं, “कालिंदी कधी येतेय?” मी सांगितलं, निवडणुकीची गडबड, गल्लीत बॉम्ब फुटतायत, म्हणून मीच तिला माहेरी पाठवलं. त्या म्हणाल्या, “गडबड तर संपली की आता!” श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून उठलो, तेही त्यांनी पाहिलं असणार.

तू ज्या पत्रावरून गेलीस ते कामिउराच्या एका घड्याळजीचं होतं. जपानात असताना मी दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ राहून गेलं होतं, ते घेऊन जा, असं त्यात होतं. असलं पत्र कुणी जपून ठेवत नाही, म्हणून स्टोव्हवर धरलं. तू म्हणालीस, घड्याळाच्या पत्रानं माणसाचे हात थरथरत नाहीत. स्टोव्ह भडकला होता, म्हणून हात मागे घेतला. एवढ्यावरून कुणी ट्रंक भरत नाही.

विनायकचा नवा पाय आता सवयीचा झाला का? तुझ्या या भावाला माझं एक सांगणं सांग. त्या म्हाताऱ्याबद्दल जपानी वकिलातीला तक्रार लिहिण्याचा नाद सोड म्हणावं. अडीच वर्षं होऊन गेली. जत्रेतला रथ दारू प्यायलेल्या माणसाच्या हाती गेला आणि घडायचं ते घडलं. आता उकरून त्याचा पाय परत येणार नाही.

इथे विजेचा भरवसा नाही. गोदीत काम वाढलंय. तू कधी येणार ते कळव. बाबांना आणि आईंना नमस्कार.

तुझा
शरच्चंद्र


कलकत्ता
५ मे १९७२

प्रिय कालिंदी,

तुझं पत्र मिळालं. “पाकिटाच्या मागे बाईचं नाव होतं. घड्याळाचं दुकान बाई चालवते का? खरं लिहायचं असेल तर लिहा, नाहीतर लिहू नका.” तीनच वाक्यं, पण मी ती किती वेळा वाचली ते सांगत नाही.

घड्याळजीचं खोटं होतं. पत्र फुमिको मोरिता नावाच्या बाईचं होतं. तुझ्या मनात काय आलं असेल ते मला कळतं, पण तसं काही नाही. तिला मी सगळं मिळून चार-पाच वेळा पाहिलं असेन. ती तेव्हा शिकायला बाहेरगावी असायची, आता कामिउराच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ज्या मोरितांच्या हातून विनायकचा अपघात झाला असं तुला ठाऊक आहे, त्यांची ती मुलगी.

तिनं काय लिहिलं ते सांगायचं तर आधी ती जत्रा सांगायला हवी. परत आल्यावर तू इतक्यांदा विचारलंस आणि मी दर वेळी उठून गेलो.

कामिउरा म्हणजे एक लहानसं बंदर. एका बाजूला आमच्या कंपनीचं जहाज बांधलं जात होतं ती गोदी, दुसऱ्या बाजूला मासळीबाजार, आणि मागे टेकडीवर देऊळ. सप्टेंबरात तिथल्या देवाची जत्रा असते. गावात सात आळ्या, आणि प्रत्येक आळीचा स्वतःचा रथ. रथ म्हणजे दोन मजली उंच, सगळा लाकडाचा, खिळा नसलेला. अंगभर कोरीव काम, लढाया, लाटा, घोडे. छपरावर एक माणूस पंखे घेऊन नाचतो, आत ढोल आणि बासरी. आणि हा एवढा डोलारा आपल्याकडच्या रथासारखा संथ चालवत नाहीत. शंभर माणसं दोन दोरांना धरून पळतात. पळवतात म्हण ना! आजूबाजूच्या घरांचे पत्रे थरथरतात.

त्या रथाला वळवायचं साधन नाही. चाकं सरळच जातात. कोपरा आला की पुढच्या दोन चाकांशी पळणाऱ्या दोन माणसांपैकी आतल्या बाजूचा माणूस हातातला लाकडी दांडा चाकाखाली सारतो. ते एक चाक जागीच अडतं आणि सगळा रथ त्याच्याभोवती गर्रकन फिरतो. एक श्वास आधी सारला तर रथ आतल्या घरावर जातो, एक श्वास उशीर झाला तर समोरच्या भिंतीवर. उजवीकडचा दांडा चार पिढ्या मोरितांच्या घरात होता. म्हातारा सुतार होता. दांडा स्वतः तासायचा. विनायक आणि मी त्यांच्याच घराच्या माडीवर राहत होतो. आळीनं आम्हाला पाहुणे म्हणून दोर धरायला बोलावलं, निळे सदरे दिले. विनायक डाव्या दोराच्या शेवटाला, रथाच्या अगदी जवळ होता.

मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळायचं होतं. रथ वळला नाही. सरळ गेला आणि गोदामाच्या दगडी भिंतीला भिडला. मध्ये विनायक होता.

त्यानंतर आळीचा रथ बंद झाला. दोन जत्रा तो मांडवाबाहेर निघाला नाही. फुमिकोनं लिहिलंय की यंदा देवळाची पंचमंडळी परवानगी देणार आहेत, पण मोरितांच्या घरातल्या कुणीही पुन्हा दांड्याला हात लावायचा नाही, या अटीवर. चौदा सप्टेंबरला तसं देवापुढे वाचून दाखवणार. म्हाताऱ्यानं मान्य केलंय. तो अंथरुणाला खिळलाय. मुलीनं त्याच्या नकळत मला पत्र लिहिलं.

बस, इतकंच. तिचं दुःख आहे, पण मी त्यात काय करणार? प्यायलेल्या माणसानं दांडा धरू नये हे त्या गावालाही पटलंच की.

शरच्चंद्र


कलकत्ता
१६ जुलै १९७२

कालिंदी,

दोन महिने तुझं पत्र नाही. मीही लिहिणार नव्हतो. पण रथयात्रेच्या दिवशी एक घडलं.

शेजारचे मित्रबाबू मला जबरदस्तीनं माहेश गावच्या रथाला घेऊन गेले. सियालदाहून बराकपूरपर्यंत गाडी, तिथून नावेनं पलीकडे. पावसानं नदी गढूळ, घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. जगन्नाथाचा रथ लांबूनच दिसला. लोखंडी चाकं, माणसाच्या डोक्याहून उंच. मित्रबाबूंनी गर्दीतून हात घालून दोर पकडला आणि माझ्याकडे वळून ओरडले, “धोरून ना दादा, पुण्य होबे!” धरा की, पुण्य लागेल.

मला तो दोर धरवला नाही. रथ हलला, चाकाखालची लाकडं करकरली, आणि मी लोकांना ढकलत मागे पळालो. एका म्हातारीला धक्का लागला. ती चिखलात बसली आणि मी तिला उठवायलाही थांबलो नाही. मित्रबाबू मला नंतर घाटावर भेटले. नावेत शेजारी बसून नुसते भुईमुगाच्या शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत राहिले. पोलिसांनी उचललेल्या भाच्याबद्दल ते जसे कधी बोलत नाहीत, तसंच त्यांना वाटलं असेल की यालाही काहीतरी आहे.

घरी आल्यापासून तीन दिवस हे पत्र डोक्यात आहे.

फुमिकोनं माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. तिचा एकच प्रश्न होता. “तुम्ही माझ्या वडिलांच्या शेजारी होता. ते त्या दिवशी प्यायले होते का? सगळं गाव तसं म्हणतं. वडील काहीच बोलत नाहीत. मला फक्त माहीत करून घ्यायचंय.”

तो प्यायला नव्हता, कालिंदी.

दांडा धरणारा माणूस जत्रेआधी सात दिवस दारूला शिवत नाही. तो बायकोपासून वेगळा निजतो, पहाटे समुद्रात अंघोळ करतो. मोरितांनी हे बेचाळीस वर्षं पाळलं होतं. मी त्याच घरात होतो. त्या सात दिवसांत म्हाताऱ्यापुढे चहाशिवाय काही आलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अंगाला वास येत होता हे खरं, पण तो सगळ्यांच्याच येत होता. निघताना चाकांवर दारू शिंपडतात. चाकांजवळ असलेल्यांचे कपडे भिजतात. माझेही भिजले होते.

मी हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

शरच्चंद्र


कलकत्ता
२६ जुलै १९७२

कालिंदी,

तुझं कार्ड आलं. “मग तो प्यायला होता असं पहिल्यांदा कोण म्हणालं?”

मी.

दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हणालो. आत विनायकचा पाय कापत होते. कंपनीचा तिथला प्रतिनिधी वही घेऊन आला आणि विचारलं, “दांडा धरणारा प्यालेला होता का?” मी म्हणालो, “हो, वास येत होता.” त्यानं लिहून घेतलं, टाईप करून आणलं, मी सही केली. तो कागद पोलिसांकडे गेला, देवळात गेला, आणि इथे कंपनीच्या फायलीत आहे. तुला, विनायकला, सगळ्यांना मी तेच सांगितलं.

आता पुढचं. हे लिहायला तीन वेळा बसलो आणि तीन वेळा उठलो.

दांडा माझ्या हातात होता.

आठ महिने मी त्या म्हाताऱ्याच्या मागे लागलो होतो, एकदा दांडा धरू दे म्हणून. त्याला माझं कौतुक वाटायचं. मी त्याला चाकाचं गणित कागदावर काढून दाखवायचो, तो हसायचा आणि रंधा मारत राहायचा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सरळ रस्त्यावर, त्यानं मला दांडा दिला. फक्त धरून पळायला. खुणेनं सांगितलं, मासळीबाजाराच्या आधी परत दे. मी मान हलवली.

मासळीबाजार दिसायला लागला तेव्हा त्यानं हात पुढे केला. मी दिला नाही. मान हलवून नाही म्हटलं आणि पळत राहिलो. हिसकावून घेतला असता तर दोघंही चाकाखाली गेलो असतो. म्हणून तो माझ्या खांद्याला खांदा लावून पळाला आणि नेमक्या क्षणी ओरडला, “इमा!” म्हणजे आत्ता.

मला ऐकू आलं. नीट ऐकू आलं. ढोल होते, आरडाओरडा होता, पण तो शब्द माझ्या कानात होता आणि आजही आहे. मी थांबलो. माझ्या हिशेबानं चाक अजून हातभर पुढे जायला हवं होतं. मी इंजिनिअर, तो सुतार. एका श्वासापुरता थांबलो, मग सारला.

रथ भिंतीवर गेला. विनायकची किंकाळी मी ऐकली नाही. ढोल वाजणं एकदम बंद झालं, ते ऐकलं. मी दांडा घेऊन उभाच होतो. लोक धावत येण्याआधी म्हाताऱ्यानं माझ्या मुठीतून बोटं एकेक करून सोडवली, दांडा स्वतःच्या हातात घेतला आणि मला विनायककडे ढकललं. जा, त्याच्याकडे जा. पोलीस आले तेव्हा तो दांडा छातीशी धरून रस्त्यात बसला होता.

डाव्या दांड्यावरच्या माणसानं पाहिलं होतं. आणखी दोघातिघांनी पाहिलं असेल. कुणी बोललं नाही. मोरितांनी त्यांना काय सांगितलं मला ठाऊक नाही. पाहुण्याचं नाव घ्यायचं नाही, असंच काहीतरी असेल. त्यांनी नुसता दोष घेतला होता. त्याच्यावर दारू मी ओतली. कारण मला भीती वाटली की शांत डोक्याच्या म्हाताऱ्याच्या हातून असं कसं झालं, हे कुणीतरी विचारेल.

विनायकला माहीत नाही. त्याचं तोंड पुढे होतं. त्याला सांगायचं की नाही ते मी तुझ्यावर सोडतो, असं लिहिणार होतो. पण तेही पळणंच झालं. हे पत्र त्याला दे.

शरच्चंद्र


कलकत्ता
१३ ऑगस्ट १९७२

कालिंदी,

विनायक उद्या मेलनं परत निघतोय. तो तिथे फारसं सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

तो आला तेव्हा मी कामावर जायला निघालो होतो. दार उघडलं तर हा काठी टेकून उभा, घामानं निथळलेला. हावड्याहून ट्रामनं आला, एकटा. आईबाबांना पायाच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगून निघाला होता. मी बॅग घ्यायला हात पुढे केला. त्यानं बॅग खाली ठेवली आणि माझ्या थोबाडीत मारली. तोल जाऊन स्वतःच पडला. मी उचलायला गेलो तर म्हणाला, “हात लावू नकोस.” भिंतीला धरून उठायला त्याला बराच वेळ लागला. मी बघत उभा होतो.

संध्याकाळी दिवे गेले, तेव्हा अंधारातून म्हणाला, “शरद, मी त्या म्हाताऱ्याला तीन वर्षं शिव्या घातल्या. रोज. पाय बांधताना आणि सोडताना. देवापुढे बसून त्याचं वाटोळं होवो असं म्हटलंय मी.”

मी म्हणालो, “माझं होवो असं म्हण आता.”

“तुझं मी नंतर बघीन,” तो म्हणाला. “तू घरातलाच आहेस, कुठे जाणार नाहीस. चौदा सप्टेंबरला तिकडे ते लोक त्याच्या घराचं नाव पुसणार आहेत. ते आधी.”

मेणबत्ती लावून त्यानंच मला लिहायला बसवलं. मी वाक्य मऊ करायला गेलो की म्हणायचा, “खोड ते.” ‘माझ्याकडून विलंब झाला’ असं लिहिलं होतं. त्यानं ते खोडून ‘मी ऐकलं आणि थांबलो’ असं घालायला लावलं. दुसऱ्या दिवशी एस्प्लनेडच्या तारऑफिसातून फुमिकोला तार केली. तुमचे वडील प्यायले नव्हते. मी येतो आहे. तिथून तसाच ऑफिसात गेलो आणि साहेबांपुढे नवा जबाब ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, “हे फायलीत गेलं की मी तुम्हाला कामावर ठेवू शकत नाही. अजून खिशात ठेवता येईल.” मी म्हणालो, फायलीत जाऊ द्या. चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. पुढे काय होईल सांगता येत नाही.

खिदिरपूरला एक मालवाहू जहाज कोबेसाठी भरतंय, दुसऱ्या कंपनीचं. इंजिनरूममध्ये चौथा इंजिनिअर हवा होता. तेरा वर्षांपूर्वी मी त्या जागेवर काम केलं होतं, आता पुन्हा करीन. परवाच्या भरतीला सुटायचं आहे. वाटेत सिंगापूर. वेळेवर पोचलो तर कामिउराला एक दिवस हातात राहील. हुगळीत भरती चुकली किंवा सिंगापूरला माल उतरायला उशीर झाला, तर तोही नाही.

विनायकनं म्हाताऱ्यासाठी एक पाकीट दिलंय. चिकटवलेलं आहे. त्यात काय आहे मी विचारलं नाही.

तू चिडून आली असतीस तर मला सोपं झालं असतं. तू त्याला पाठवलंस.

शरच्चंद्र


कामिउरा
१७ सप्टेंबर १९७२

कालिंदी,

सिंगापूरला एक दिवस वाया गेला. तेराला दुपारी कोबेला लागलो, चौदाला सकाळी इथे. स्टेशनवर फुमिको उभी होती. ती माझ्याशी नमस्कारापलीकडे बोलली नाही. तार तिनं वडिलांना दाखवली नव्हती. “तुम्ही याल याची खात्री नव्हती,” एवढंच म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

दुपारी देवळाच्या दालनात सातही आळ्यांची म्हातारी मंडळी चटईवर बसली होती. मला मधोमध बसवलं. मी इंग्रजीत बोलायचं आणि फुमिकोनं जपानीत सांगायचं, कारण दुसरं कुणी नव्हतं. विनायकनं लिहून घेतलेला कागद मी वाचत गेलो. ती एकेक वाक्य स्वच्छ आवाजात सांगत गेली. ‘मी ऐकलं आणि थांबलो’ हेही सांगितलं. मग मी वाचलं, “मोरितासान प्यायले होते असं मी खोटं सांगितलं.” तिथे ती थांबली. दालनात पन्नास माणसं होती आणि बाहेर ढोलाची तालीम चालली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, चटईकडे बघत होती. मला वाटलं आता ही उठून जाणार. पण तिनं तेही वाक्य सांगितलं, आणि मग पुन्हा एकदा, न विचारता, जरा मोठ्यानं सांगितलं.

डाव्या दांड्याचा माणूस मागच्या रांगेतून उठला आणि कपाळ जमिनीला टेकवून म्हणाला, मी पाहिलं होतं.

म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन त्याच्या भाच्यानं आत आणलं. इतका लहान झालाय की ओळखू आला नाही. मी वाकलो. मला वाटत होतं तो सुटल्यासारखा होईल. तो रागावला होता! फुमिकोकडून मला विचारलं, “माझा शब्द मोडायला तुला कुणी सांगितलं?” मग मंडळींकडे वळून म्हणाला, “दांडा मी दिला होता. न शिकलेल्याच्या हातात देणारा गुन्हेगार असतो. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. दारूचं मात्र मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही मला चाळीस वर्षं ओळखत होता.”

दालनात कुणाची मान वर नव्हती.

त्यांनी आपसात बराच वेळ खलबत केलं. शेवटी अट काढून टाकली. दांडा मोरितांच्या घरात राहील, यंदा भाचा धरील. मला गावाच्या कुठल्याही रथाच्या दोराला कधी हात लावता येणार नाही. मी ते वाकून मान्य केलं.

नंतर म्हाताऱ्याच्या अंथरुणापाशी बसलो. विनायकचं पाकीट दिलं. फुमिकोनं ते त्याला वाचून दाखवलं, पण मला सांगितलं नाही. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, “तो जिना चढतो का?”

“चढतो. सावकाश.”

मग म्हणाला, “तू का थांबलास?”

कालिंदी, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. विनायकनंही नाही. मी म्हणालो, “मला वाटलं, मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.”

त्यानं मान डोलावली. “त्या वयात मलाही वाटायचं. पण माझ्या शेजारी माझे वडील होते, आणि त्यांनी मला दांडा दिला नव्हता.”

परवा रथ निघाला. मी मासळीबाजारासमोर, गोदामाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. दुसरीकडे कुठे उभं राहणं मला जमलं नसतं. लोकांनी मागे व्हा म्हणून ओरडून सांगितलं. ढोल जवळ आले, मग दोराचे लोक आले, त्यांच्यामागे रथ. भाच्याच्या शेजारी म्हातारा नव्हता, त्यामुळे ओरडणारं कुणी नव्हतं. त्याचं त्यानंच ठरवायचं होतं. पोरगा पंचविशीचा, चेहरा पांढराफटक. माझ्या तोंडून “इमा” बाहेर पडणार होतं, मी दात आवळून धरले. त्यानं दांडा सारला. चाकातून धूर निघाला. रथाची मागची बाजू माझ्यापासून दोन हातांवरून, वारा घेऊन, गेली. आणि रथ वळला. बंदराच्या रस्त्याला लागला आणि गेलाही. लोक नाचत होते. मी भिंतीशी बसलो आणि रडलो. शेजारच्या मासळीवालीनं मला पाणी दिलं.

जहाज वीस तारखेला परत निघतं. कंपनीचा निर्णय तोवर लागला असेल. बहुतेक मला काढतील. कलकत्त्याला पोचलो की दुसऱ्याच दिवशी मेल पकडून नागपूरला येतो. तुला न्यायला येत नाहीये. तू ये, असं मी या पत्रात कुठेही म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

बाबा मला चारचौघांत सांगतात, माझ्या पोराला याच जावयानं उचलून दवाखान्यात नेलं. दर गणपतीत सांगतात. मी खाली मान घालून ऐकतो आणि ते त्याला विनय समजतात.

त्यांना तू काही सांगू नकोस. विनायकलाही सांगू देऊ नकोस. मी येऊन सांगेन.

शरच्चंद्र